चिठ्ठी नसताना

कडोलीच्या बसथांब्यासमोर माझं मेडिकल.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
बाजूला हिरवा क्रॉस,
एक कोपरा कधीचा विझलेला.

अकरा वर्षं मी ते मलम विकलं.
चिमटीत मावेल एवढी नळी.
मागं बारीक अक्षरांत छापलेलं,
डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये.
भिंग होतं माझ्याकडं.
त्यानं मी पेपरातलं राशिभविष्य वाचायचो.

लग्नसराई आली की पोरी यायच्या
एकमेकींना ढोसत.
मलमाचं नाव कुणालाच ठाऊक नसायचं,
"ते, गोरं व्हायचं," एवढंच.
होय की, म्हणायचो,
आणि न मागता काळी पिशवी द्यायचो.

यल्लुबाई पावशे पिशवी घेत नसे.
बटाट्याच्या रानातनं थेट यायची,
हात लुगड्याला पुसत.
दोन्ही गालांवर तपकिरी डाग, नाकावरून सांधलेले.
"धाकट्याच्या येळपासून हाय हे. घालव की गा."
वांग आहे, म्हटलं मी, मोठ्या जाणत्यासारखं.
महिन्यात चेहरा असा उजळला
की तिच्या दोन्ही जावा आल्या,
मग एकीची बहीण पार सुळग्याहून.
मी डझनभर जास्त मागवायला लागलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात ती आली ती तोंडावर पदर धरून.
पदर सरला तेव्हा
गाल भाजल्यासारखे, शिरांची लाल जाळी,
हनुवटीवर लव,
आणि चाळिशी ओलांडलेल्या कपाळावर
सोळाव्या वर्षाचे मुरुम.
"लावलं की गार वाटतंय.
सोडावं म्हणते, खरं सोडलं की आग पेटते बघ."
मी नळी काढली नाही.
भर दुपारी शटर अर्धं ओढलं.

बेळगावला मुचंडी डॉक्टरीणबाईंकडं मीच घेऊन गेलो.
बाईंनी डोळ्याला भिंग लावलं
आणि त्या एका गालावर इतका वेळ थांबल्या
की मला माझं भिंग आठवलं.
"बंगु," त्या म्हणाल्या.
"वांगच की," यल्लुबाई म्हणाली.
एकच शब्द,
बांध ओलांडताना जरासा वाकलेला.
दोघी हसल्या. मी नाही.

"आणि हे बाकीचं, हे मलमानं झालंय. कुणी दिलं?"
यल्लुबाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
"बाजारात मिळतंय," म्हणाली.

मग बाई अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडात सांगत गेल्या:
ते एकदम नाही, हळूहळू सोडायचं.
लाली काही महिने छळेल, घाबरून परत लावायचं नाही.
उन्हाचं मलम दोन बोटं भरून,
घाम आला की पुन्हा, ढग असले तरी.
वांग पुसट होईल,
पुरता जाईल असं मी म्हणणार नाही.
ऊन, बाळंतपण, आईकडून आलेली कातडी,
यातलं तू काय निवडलंस?
"निम्म तप्पल्ल," म्हणाल्या. तुमची चूक नाही.
कन्नड मला चांगलं कळतं.
त्या वाक्यात मी कुठंच नव्हतो.

आता ती रानात साखर कारखान्याची टोपी घालून बसते,
गालावर पांढरे फराटे.
शेजारणी म्हणतात, पिठाच्या गिरणीतनं आलीस काय गे?
ती म्हणते, होय, दळण ठेवून आले.
लाली उतरलीय. डाग आहेत,
पावसाळ्यात फिके, माघात पुन्हा गडद.

उरलेल्या नळ्या मी परत पाठवल्या.
पोरी आता पुढच्या दुकानात जातात, ठाऊक आहे.
परवा एक चुकून इकडं आली,
चिठ्ठी नाही, रिकामी नळी मुठीत.
मी तिच्यापुढं भिंग ठेवलं.
वाच म्हटलं, मागचं.
ती मोठ्यानं वाचायला लागली
आणि मध्येच अडली.

पुढचं मी वाचलं.