आडवी रेघ

कुइवास्तू ते विर्त्सू. सत्तावीस मिनिटं.
चौदा वर्षं हेल्वे या फेरीबोटीवर गाड्या लावते,
हाताने खूण करून: पुढे, अजून थोडं, बस्स.
चाकाखाली पाचर.
मागच्याला पुन्हा: पुढे, अजून थोडं.
मी वर कॅन्टीनमध्ये वाटाण्याचं सूप ढवळते,
काचेतून मला तिचे फक्त हातमोजे दिसतात.

त्रेचाळिसाव्या वर्षी तिने परीक्षेचा अर्ज भरला,
सुकाणूमागे उभं राहण्याच्या.
कंपनीने दोन दिवसांच्या वर्गाला धाडलं.
पिरेटबाईंनी सगळ्यांना जांभळी वही दिली
आणि एक वाक्य, रोज सकाळी लिहायला:
मी समर्थ आहे.

सोमवारी लिहिलं. मंगळवारी लिहिलं.
बुधवारी माझ्या कोपऱ्यातल्या टेबलावर
पेन धरून नुसतीच बसली.
सकाळीच तिच्या खुणेवर विसंबलेल्या एका व्हॅनचा आरसा
लोखंडाला घासून गेला होता.

ती म्हणाली, जहाजाच्या नोंदवहीत
असलं वाक्य कोणी चालवून घेणार नाही.
तिथे दिसलं तेवढंच लिहायचं.
वारा कुठून, किती. धुकं. बर्फाची जाडी.
“छान” नाही, “भयंकर” नाही.
आणि चुकलंच, तर खरवडायचं नाही,
पान फाडायचं नाही.
एक आडवी रेघ,
खालचं वाचता येईल अशी. शेजारी सही.

तिने रेघ ओढली.
मी समर्थ आहे, यावरून.
खाली लिहिलं:
०६:४०. वायव्य वारा. आरसा एक.
ड्रायव्हरला मी स्वतः सांगितलं. मग कप्तानाला.
आवाज कापला नाही.

मग ते रोजचंच झालं.
कधी दोन ओळी, कधी अर्धी.
मी भांडी विसळायची, ती वाचून दाखवायची,
जणू हवामानाचं बातमीपत्र.

रडारवर मासेमारी नाव मला आधी दिसली.
बोलले नाही. दीड मिनिटाने ऊरमासला दिसली.
दीड मिनिट.

रेडिओवर बोलले. पहिलं वाक्य अडखळलं.
दुसरं नाही.

आईला परीक्षेचं सांगितलं. ती म्हणाली, या वयात?
(यावर रेघ. सही.)

आज लिहिण्यासारखं काही नाही.
हेही लिहिलं.

जानेवारीत ती नापास झाली. दोन गुणांनी.
मला वाटलं, आता वही पाण्यात जाणार.
मीच दिली असती ढकलून.
तिने आकडा लिहिला, रेघ मारली नाही.
चूक नाही ना ही, म्हणाली,
झालेलं आहे.
आणि दोन तास एक शब्द बोलली नाही.

मार्चमध्ये पुन्हा बसली. यावेळी सुटली.
पण ते मी सांगणार नव्हते. सांगायचं ते एप्रिलचं.

बर्फ तुटत होता, त्याचे मोठे तुकडे
बोटीच्या पोटावर ठोके देत होते,
माझ्या कपाटातल्या बशा थरथरत होत्या.
काचेतून खाली पाहिलं तर
गाड्या लावणारे हातमोजे दुसऱ्याच कोणाचे.
बोट मात्र हळू, नीट, चिरेतून चिर शोधत
धक्क्याला लागली.
बशी एकही फुटली नाही.

ती वर आली, वही उघडली.
आज स्वतःचं काही लिहिलं नाही,
ब्रिजवरच्या नोंदवहीतलं उतरवून आणलं होतं,
ऊरमासच्या अक्षरातलं, जसंच्या तसं:
१४:१०. तुटका बर्फ. सुकाणूवर: हेल्वे.

मी पहिलं पान उलटून पाहिलं.
रेघेखालचं वाक्य अजून वाचता येत होतं.
विचारलं, मारलेली रेघ मागे घेता येते का?
तशी सोय नाही, म्हणाली.
हसली.
मग सूप मागितलं, वरून मोहरी घालून,
जरा जास्तच.