तिसऱ्या खांबाची जागा

मी मानेआबा झाडते. गावाचं सभाघर.
हातात हिरांचा खराटा, बाहेर ओहोटी,
माडावर तेबूका, पोय तासता तासता
मोठ्यानं गातोय,
वर माणूस आहे हे खाली कळावं म्हणून.

आत यायचं तर छप्पर वाकायला लावतं.
पाद्री वाकला. खोबऱ्याचा व्यापारी वाकला
खोटा तराजू काखेत धरून.
बंदूकवाल्या शिपायाचं लोखंडी टोप
वळचणीला आपटलं म्हणे;
आजी तो आवाज हुबेहूब काढायची, टण्ण,
आणि मग बराच वेळ काही बोलायची नाही.

कोणी कुठं बसायचं ते लिहून ठेवलेलं नाही.
मला कचऱ्यावरून कळतं.
पूर्वेला माशांचे काटे: एरिमेताचं घर,
त्यांना सभा संपेपर्यंत धीर धरवत नाही.
खाडीकडच्या बाजूला विडीची राख,
परक्या जहाजांवर उमेद घालवून आलेले म्हातारे.
केवड्याच्या पातीचे कापटे जिथं,
तिथं नेई तिबाऊ; तिचे हात तोंडापेक्षा जास्त बोलतात.

तिसऱ्या खांबापाशी काही नसतं.
पालीच्या लेंड्या, थोडी वाळू.
तरी झाडते.

तौनाबाचं घराणं तिथलं.
आजीच्या तरुणपणी बोटीत बसून गेलं
दूरच्या बेटावर दगड फोडायला.
तो दगड दळून परक्यांच्या शेतात टाकत.
दोन वर्षांचा करार होता.
तेव्हापासून सभेत घराण्यांची नावं पुकारतात,
तिसऱ्या खांबाशी पुकारणारा थांबतो,
एक खोकला येऊन जाईल इतकाच,
आणि पुढचं नाव घेतो.

आता खरं सांगायचं तर
माझा नवरा काबूता
दरवर्षी चार बोटं तिकडं सरकत आलाय.
गुडघे दुखतात म्हणतो.
दोन वितींची चोरी झाली त्याची, बसल्या बसल्या.

परवाच्या उधाणानं बाबाईच्या खड्ड्यात समुद्र आला.
कंद आतून कुजले, पानं मात्र आठवडाभर हिरवीच,
कोणी सांगितलंच नसल्यासारखी.
सरकारचा माणूस आला, वाकला, बसला,
म्हणाला, मोठ्या बेटावर जागा देतो, तुमचं ठरवा.
तीन रात्री बोललो आम्ही.
चौथ्या रात्री म्हातारा ब्वारानिको म्हणाला,
सगळे बोलले कुठं?
आणि हनुवटीनं खांब दाखवला.

पत्र लिहिलं. पत्ता कोणालाच धड ठाऊक नव्हता.
घराण्याचं नाव आणि बेटाचं नाव, एवढंच घातलं.
आठ महिने गेले. दोन बारशी, एक मयत,
बंधाऱ्याची भिंत अर्धी झाली, अर्धी वाहून गेली.

मग बोटीतून एक चटई उतरली.
सुंभानं बांधलेली गुंडाळी, आत चार ओळी:
निघायचं की राहायचं, आम्ही काय सांगावं,
आम्ही निघालेलेच.
पण जाल तिथं छप्पर घातलंत
तर ही अंथरा.

चटईचा रंग काळपट. तिकडचा केवडा वेगळा असावा.
विणकर मात्र आपलीच, तिबाऊनं बोट फिरवून सांगितलं,
कडेचा टाका मुडपते ती तिच्या आजीसारखी.

अंथरली, तर काबूताच्या मांडीवर चढली.
सगळी सभा त्याच्याकडं बघत राहिली.
तो उठला, कण्हत, दोन विती मागं सरला,
आणि चटई नीट सपाट झाली.

गुरुवारी पुन्हा बैठक आहे.
काय ठरेल ते मला कसं कळणार.
माझं काम एकानं वाढलं:
सकाळी तिचं एक टोक उचलायचं,
खालची वाळू काढायची,
टोक परत ठेवायचं.
आज त्यावर माशाचा एक काटा होता.
एरिमेताची धाकटी, दुसरं कोण.
तिला ओरडायला हवं होतं.