पंधरा सेंटिमीटर

ग्रिम्सबीच्या गोदीत, पहाटे पाचच्या पाळीला
मी कोपरं मोजतो.
माणसं हसतात. हसू देत.
मोजपट्टी, कोनमापक, वहीला प्लास्टिकचं कव्हर,
कारण इथं कागदालाही अर्ध्या तासात
हिवसाण वास लागतो.

टेबल शंभर सेंटिमीटर उंच.
कुणाच्या मापानं, नोंद नाही.
असेल कुणी सहाफुटी, कधीचाच निवृत्त झालेला;
टेबल तेवढं कामावर राहिलं.

डेनिस ब्लँचर्ड, चार फूट अकरा इंच,
कोपर त्र्याण्णवला.
उरलेलं अंतर ती खांद्यानं भरते.
दर हॅडॉकमागे उजवा खांदा कानाशी जातो,
कुणी काही विचारावं
आणि तिला उत्तर ठाऊक नसावं, तसा.
मिनिटाला सहा मासे.
एका पाळीत अडीच हजार वेळा
‘मला काय माहीत?’

रात्री बोटांना मुंग्या येतात, म्हणाली.
चहाचा कप आता डाव्या हातात.
नातीची वेणी घालणं जानेवारीत सोडलं.
ही शेवटची गोष्ट माझ्या फॉर्मच्या
कुठल्याच रकान्यात बसत नाही.
मी ती समासात लिहिली.

मग माझं नेहमीचं सुरू:
सुरीची मूठ जाड करू,
पात्याला तासातासाला धार,
बर्फाचा ट्रे वीतभर अलीकडे,
आणि पायाखाली काहीतरी...

तिनं सुरी खाली ठेवली.
‘पायाखाली? होतं की.
मासळीचा क्रेट, पालथा घातलेला.
अकरा वर्षं उभी होते त्यावर.
रासाकडं होता, बुटक्या सगळ्याजणींकडं होता.
मग एक साहेब आला. म्हणाला, अडखळून पडाल.
ट्रॉलीत घालून नेले सगळे.’
कधी?
‘झाली दोन वर्षं.
तुझ्यासारखंच कव्हर होतं त्याच्या वहीला.’

केसांवर जाळी, तोंडावर फडकं, पांढरा कोट,
इथं आम्ही सगळे एकसारखेच दिसतो.
तिनं ओळखलं नाही.
मी ओळखलं.
पान चार, मुद्दा सात: जमिनीवरील अडथळे हटवणे.
खाली माझी सही,
जरा ऐटीतलीच.

आमच्यात त्याला पाट म्हणतात,
हे मी तिला सांगितलं नाही.
बसायचा असतो तो; लग्नात तेवढं उभं राहतात.
जमीन उचलून माणसापर्यंत आणायची,
एवढंच त्याचं काम.
आणि मी त्याला अडथळा म्हणालो.
गुडघ्यावर बसून क्रेटची उंची मोजली
(गोदामात एक सापडला, त्यात पाईपचे तुकडे):
पंधरा.
माझ्या कोष्टकानुसारही
पंधराच येतात.

मार्चमध्ये फळ्या आल्या.
स्टीलच्या, खरखरीत, कडेला पिवळी पट्टी,
एकेकीची किंमत ऐकून रासा
लिथुआनियन भाषेत काहीतरी म्हणाली.
ऑफिसातून पत्र: अभिनव उपायाबद्दल अभिनंदन.
मी उत्तर लिहायला घेतलं,
तीनदा खोडलं,
चौथ्यांदा सगळं लिहिलं, मुद्दा सातसकट.
अजून काही आलेलं नाही.

डेनिस वर चढली. टाच एकदा आपटून बघितली.
मासा, सुरी, मासा.
खांदा जागेवर.

वेणीचं मी विचारलं नाही,
तिनंही सांगितलं नाही.
सुट्टीत चहा मात्र उजव्या हातात होता,
कप अर्धाच भरलेला.