मूठ

केमीच्या लाकूडगिरणीत रौनीचा डावा हात गेला
त्याला अकरा वर्षं झाली.
मूठ मात्र गेली नाही.
मनगटाच्या पुढे, जिथे काहीच नाही,
तिथे ती आवळलेलीच.
नसलेली नखं नसलेल्या तळव्यात रुततात,
रात्री तीनला सगळ्यात जास्त.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
हिची कोणी फुकट घेईना.

औती तिला जाडजूड चष्मा चढवते. आत रान आहे,
गुडघाभर ब्लूबेरी, आणि रौनीला दोन हात.
डावा जरा तरुणच दिसतो. अंगठी नाही.
"बोटं उघडा."
"तीच तर उघडत नाहीत, बाई."
"ती नाही. ही, समोरची."

समोरची करंगळी हलते. मग दुसरं बोट.
तळवा उताणा होतो,
गुलाबी, कशाचीच खूण नसलेला,
आणि खांद्यापर्यंत काहीतरी
दोरखंड सुटल्यासारखं सैल होत जातं.

वीस मिनिटं. चष्मा निघतो.
खिडकीत बर्फ, गार कॉफी, रिकामी बाही.

बसस्टॉपवर मूठ परत मिटू लागते, हळूहळू.
आज रौनी तिला थांब म्हणत नाही.
आत एक बेरी ठेवलीय तिने.
फुटू देऊ नकोस,
एवढंच सांगते.