औटकी

इरीच्या वाचनालयात, तळ्याकडच्या खिडकीपाशी
आमची दर शनिवारची जागा ठरलेली.
बाहेर जानेवारी. तळं गोठून पांढरं,
कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं, कळत नाही.
शाल्मली म्हणते, आई, बर्फाची जाडी मोजता येते,
वर पाय न ठेवता.
मी म्हणते, आधी तो सातवा रकाना भर.

हिशेब असा:
कॉलेजने दिलं ते वजा,
ह्याचा प्लास्टिकच्या कारखान्यातला ओव्हरटाइम वजा,
माझ्या फार्मसीच्या गल्ल्यावरचं वजा.
उरले चौदा हजार. वर्षाचे.
त्याचे रुपये किती, हे मी आता करत नाही.

ग्रंथपाल डोलोरेस कोवालचिकने यादी छापून दिली,
मुलींसाठी, विज्ञान, गणित, इंजिनिअरिंग.
म्हणाली, मोठ्या शिष्यवृत्तीमागे सगळेच धावतात,
बारक्या शोधा, त्यांना अर्जच येत नाहीत.

मग आम्ही बारक्या शोधल्या.
पुलांची गणितं करणाऱ्या बायकांचा एक क्लब आहे,
त्यात उरल्यात नऊजणी.
लेथ चालवणाऱ्या एका बाईने
घर विकून मागे ठेवलेले पैसे आहेत,
अट एकच, मुलीने एखादं यंत्र स्वतः उघडलेलं असावं.
(शाल्मलीने आमचा मिक्सर उघडला होता.
बंदही केला होता.
एक स्क्रू अजून मोहरीच्या डब्यात आहे.)
एक आहे डावखुऱ्यांसाठी.
ती आपली नाही.

अर्ज विचारतात, आईचं शिक्षण?
चौकोन चार.
बी.एस्सी., दुसरं वर्ष, चाळीसगाव.
लग्न मार्चमध्ये, परीक्षा एप्रिलमध्ये.
शाल्मलीने पेन उचललं, खाली ठेवलं,
मग 'इतर'वर खूण केली
आणि पुढची रेघ कोरी सोडली.

अर्ज विचारतात, तुमच्यावर आलेलं संकट सांगा,
पाचशे शब्दांत.
मी म्हटलं, बाबांचा हात भाजला ते लिही की.
ती म्हणाली, तो बाबांचा हात आहे.
मला राग आला. लाज नंतर वाटली.
पदर पसर म्हणत होते मी तिला,
आणि पदर तर तिने कधी घेतलाच नाही.

शेवटचा प्रश्न, गणित पहिल्यांदा कुठे भेटलं?
तिथे ती अडली नाही.
लिहीत गेली, मी मुद्दाम बघितलं नाही,
पार्किंगमध्ये मीठ टाकत फिरणारी गाडी बघत बसले.

परतताना सिग्नलला तिने विचारलं,
औटला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?
काही नाही म्हणत.
साडेतीन म्हणजे तीन, आणि वर चिकटवलेला अर्धा.
औट ही एकच, सबंध गोष्ट.
पारोळ्याला मावशीच्या कापडदुकानात
गज सरकवत ती पुटपुटायची.
शाळेने ते पाढे कधीच टाकून दिले होते,
मावशी चौथी शिकलेली, तिला कुणी कळवलं नव्हतं.
मी तिच्याकडून उचलले
आणि शाल्मलीच्या वेण्या घालताना, पेडावर पेड,
तिच्या मानेमागे म्हणत राहिले.
तिला ऐकू जातंय हे मला माहीत नव्हतं.

म्हण ना पुन्हा, ती म्हणाली.
औट एके औट, औट दुणे सात,
औट त्रिक साडेदहा, औट चोक चौदा,
आणि आम्ही दोघी गप्प झालो.
मागच्या गाडीने हॉर्न दिला.

तेवीस अर्ज.
चौदा नकार, फार छान शब्दांतले.
सहांचं काहीच नाही. दोन लटकलेले.
काल एक पाकीट आलं, लेथवालीच्या पैशांतून,
तीन हजार पाचशे.
खाली कुणीतरी शाईने लिहिलेलं,
उरलेल्या स्क्रूचं वाचून समिती हसली.

शाल्मली बाबांना कारखान्यात फोन लावत होती.
आवाजामुळे त्याला दोनदा सांगावं लागलं.
मी चहाचं आधण ठेवलं, कपाने पाणी मोजत,
आणि तोंडातून निघून गेलं,
औट एके औट.