दोन गुंजा लाल

बाल्साच्या फासळ्यांवर पतंगी कागद चिकटवला,
पाणी फवारलं, तो आकसला,
टिचकी मारली तर डफासारखा वाजू लागला.
आता रंग, मी म्हटलं. लालभडक.
चांदोरकर सर म्हणाले, आधी वजन.

बुटाच्या खोक्यात विमान घालून
आम्ही लष्करच्या सराफ्यात, घनश्याम सोन्यांच्या गादीवर.
त्यांनी पंखा बंद केला, काटा पुसला,
नथ तोलावी तसं तोललं:
तोळ्याला तीन गुंजा कमी.

सर वहीच्या पुठ्ठ्यावर हिशेब करत राहिले.
रंगाला दोन गुंजा. फार तर अडीच.

सोन्यांनी आजोबांच्या डबीतून
खऱ्याच दोन गुंजा काढल्या, माझ्या तळहातावर ठेवल्या.
बस्स, इतना ही लाल, बिटिया.

थिनरमध्ये कालवला तर कसला भडक!
कानाची पाळी पिरगळल्यावर येतो, तेवढा.
शेपटीचं टोक झालं,
डाव्या पंखाची कड झाली,
उजवीला पुरला नाही.
रात्रभर खोलीत पिकल्या केळ्यांचा वास.

सकाळी मेळ्याचं रिकामं मैदान.
रबराला दोनशे पीळ, आणि सोडलं.
तेवढ्यात महाराजपूरचं जेट डोक्यावरून गेलं
कानठळ्या बसवत;
आम्ही तिकडे पाहिलंच नाही.
आमचं डावीकडे कललं,
कलत कलत वळलं,
पंखातून ऊन आणि एकेक फासळी दिसत होती.

"रंगाची बाजू जड झाली," मी म्हटलं. "खरवडू?"
"राहू दे.
सरळ गेलं असतं तर
रेल्वेलाइनीपलीकडे शोधत बसलो असतो."