अठ्ठावीस दिवस

पाथर्डी फाट्यावर, सातव्या मजल्याच्या स्लॅबवर
रात्री सव्वादोनला ई-मेल आला.
हातमोजा दातांनी ओढून काढला.
अंगठ्यावर सिमेंट होतं, फोन मला ओळखेना.
शर्टाला पुसला, मग ओळखलं.

लिहिलं होतं :
आम्ही आपले प्रायोजक व्हायला तयार आहोत.
पद साइट मॅनेजर, शहर लीड्स.
नोकरी सुटली तर साठ दिवस,
त्यात दुसरा प्रायोजक शोधा, नाहीतर देश सोडा.

तेवढ्यात खाली पंप तुंबला.
भोये मुकादम ओरडला, "खैरनारसाहेब, पाइप धरला!"
फोन खिशात, हातोडी हातात.
बेंडवर तीन ठोके मारले, चौथ्याला
काँक्रीट खोकलं आणि वाहायला लागलं.

कागद सगळे जमले होते, एक सोडून.
अनुभवाच्या दाखल्यात कांकरिया शेठनं
नऊ वर्षं लिहिली; झाली होती अकरा.
पहिली दोन वर्षं पगार पाकिटातून मिळायचा,
म्हणजे कागदावर त्या दोन वर्षांत मी कुठेच नव्हतो.
त्याच दोन वर्षांत गंगापूर रोडला
मी तीन इमारती उभ्या केल्या.
अजून त्यांत माणसं राहतात,
गॅलरीत चादरी वाळत घालतात.

छातीचा फोटो काढला, व्हिसासाठी लागतो म्हणून.
डॉक्टर म्हणाले, स्वच्छ आहे.
मला जरा वाईटच वाटलं.
एवढी धूळ गेली कुठे?

पुण्याला इंग्रजीची परीक्षा.
तुमच्या गावाबद्दल दोन मिनिटं बोला.
मी बोललो : नाशिकला डिसेंबरात काँक्रीट उशिरा धरतं.
रात्री पारा सातावर येतो, पहाटे आम्ही
स्लॅबवर गोणपाट पसरतो, तान्ह्या पोरासारखा झाकतो.
बाई म्हणाल्या, थँक यू.
देवळं आणि द्राक्षं सांगायची राहूनच गेली.

साडेचारला चहा आला.
भोयेनं विचारलं, "प्रायोजक म्हणजे काय?"
मी म्हणालो, कुणीतरी लिहून देतं
की हा माणूस आमचा आहे.
"कायमचा?"
नाही. कामावर आहे तोवर.
त्यानं ग्लासातला चहा गोल फिरवला.
सुरगाण्याहून अठरा माणसं आणली होती त्यानं या स्लॅबला,
अठराही नावं माझ्या रजिस्टरात,
नावापुढे निळा अंगठा, त्यापुढे माझी सही.
"म्हणजे तुम्ही आमचे," तो म्हणाला,
"तसं तुमचं कुणीतरी तिकडे."
मी हो म्हणालो.
मग आठवलं, मागच्या होळीला
काम थांबलं तेव्हा
मी त्यांना साठ दिवस दिले नव्हते.
संध्याकाळपर्यंत झोपड्या मोकळ्या करा म्हणालो होतो.
भोयेलाही आठवलं असणार.
तो काही बोलला नाही. बिस्कीट बुडवलं, ते तुटलं,
बोटानं काढून खाल्लं.

उजाडताना सहा क्यूब भरले, वर तारीख खरवडली.
तीन सातव्या दिवशी फुटतील, तीन अठ्ठाविसाव्या.
ही आमची जुनी रीत :
किती भार सोसेल ते कळायला
ते फोडूनच बघायचं.
मशीनचा काटा चढत जातो,
आपण शेजारी हात बांधून उभे.

व्हिसाचा निकाल साधारण तेवढ्याच दिवसांनी.
लागला तर मार्चात निघेन.
आठवा मजला दुसरं कुणी भरेल, नववाही.
माझ्या सहीच्या जागी दुसरी सही येईल,
आणि अंगठे पुन्हा घ्यावे लागतील.

पांडवलेण्याच्या डोंगरावर ऊन आलं तेव्हा
यमुना भोये नळी घेऊन वर आली.
संध्याकाळी पाणी सुरू करायचं, म्हणून तोटी तपासत होती.
नवऱ्याकडून ऐकलं असावं तिनं.
"तिकडं स्लॅबला पाणी कोण मारतं, सायेब?"
मी म्हणालो, तिकडे बाराही महिने पाऊस असतो म्हणे.
"मग बायांना काम नाय," ती म्हणाली,
आणि नळीतली गाठ सोडवायला खाली बसली.